'तोतरा' हे नाव ठेवलं कोणी?

पत्र, थोडं कमी करून:

"आम्ही मालवण तालुक्यात राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. बोलताना अडखळतो, स्वतःचं नाव सांगताना तर फारच; नाव 'प'वरून आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. ती 'र'ला 'ल' म्हणते आणि वाचन अजून अक्षराला अक्षर जोडत चाललंय. भावोजींनी फोनवर आलेली एक गमतीची यादी घरात वाचून दाखवली. इंग्रजीत ज्याला 'स' म्हणता येत नाही त्याच्या दोषाचं नाव 'लिस्प', त्यातच 'स'. वाचायला-लिहायला जड जाणाऱ्यांच्या अडचणीचं नाव 'डिस्लेक्सिया', त्याचं स्पेलिंग भल्याभल्यांना येत नाही. लांब शब्दांच्या भीतीचं नाव तर हातभर लांब. सगळे हसले, मुलगाही हसला. म्हणाला, 'मराठीत पण तसंच, तोतऱ्याला तोतरा म्हणता येत नाही.' बहीण लगेच 'तोतला, तोतला' करून नाचली. रात्री झोपताना त्याने विचारलंन, 'ही नावं मुद्दाम अशी ठेवली काय गो?' आता गॅदरिंगला भावोजी या यादीवर दहा मिनिटांचं प्रहसन बसवतायत, त्यात याला घेणार म्हणतात. सासूबाई रोज वेखंड उगाळून चाटवतात. मी मोबाइलवर 'तोतलापन का इलाज' बघून जिभेचे व्यायाम करून घेते, सहा महिन्यांत फरक नाही. प्रहसन करू द्यावं का? घरात कुठले शब्द वापरावेत? आणि दोघांचं पुढे काय करू?"

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा मुलाचा प्रश्न जास्त नेमका आहे, म्हणून आधी तो घेऊ. त्याला सांगा: मुद्दाम नाही ठेवली, पण योगायोगानेही तशी झालेली नाहीत.

'तोतरा' हा शब्द ऐकणाऱ्याने बनवलाय. समोरच्याच्या तोंडून 'त-त-त' ऐकू आलं आणि तेच नाव झालं. 'चाचरणे' तसंच, 'बोबडे' तसंच, 'ततपप करणे' तर उघडच. कोंबड्याच्या आरवण्याला कुकूच कू म्हणावं, तशी ही आवाजाची नक्कल आहे. सुश्रुतसंहितेत वाणीच्या तीन विकारांची नावं एकत्र येतात: मूक, मिन्मिण आणि गद्गद. नाकातून बोलणारा तो मिन्मिण, अडखळणारा तो गद्गद. म्हणजे दोन हजार वर्षांमागेही वैद्यांनी तीच युक्ती केली होती. (पुढे मराठीत गद्गद झालं ते मन भरून येणं. एका आजाराच्या नावाला इतकी चांगली बढती क्वचितच मिळते.) इंग्रजीतला 'लिस्प' हाही जुना नकलेचाच शब्द आहे. परक्यांची भाषा ग्रीकांच्या कानाला 'बार-बार' अशी लागली, म्हणून ते परके 'बार्बारोस' झाले. ज्याला अडचण आहे त्याला विचारून नाव ठेवायची पद्धत कुठल्याच भाषेत नव्हती.

आता त आणि प हीच अक्षरं का, हेही मुलाला समजेल असं आहे. त, प, ब, क, ड म्हणताना तोंडात हवा क्षणभर पूर्ण अडते आणि मग सुटते. अडखळणारा नेमका त्या अडलेल्या क्षणी अडकतो, आणि बाहेर ऐकू येतं ते त्याच अक्षराचं पुन्हा पुन्हा फुटणं. त्यामुळे नकलेचा शब्द त्याच अक्षरांचा झाला आणि ज्याच्यासाठी केला त्यालाच जड गेला. क्रूरपणा असलाच तर शब्द घडवणाऱ्याच्या हातून नकळत झालेला आहे.

अशा याद्यांतले बाकीचे शब्द या जातीचे नाहीत. 'र' न येण्याला डॉक्टरी भाषेत 'रोटॅसिझम' म्हणतात आणि 'स'च्या दोषाला 'सिग्मॅटिझम'. रो आणि सिग्मा ही ग्रीक अक्षरांची नावं आहेत. अक्षराच्या नावावरून दोषाचं नाव पाडलं तर ते अक्षर त्यात येणारच, आपल्याकडे 'रकार' शब्दात 'र' येतो तसं. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८० च्या दशकात जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या रुडॉल्फ बर्लिन या नेत्रतज्ज्ञाने घडवला, तोही मेंदूच्या आजाराने वाचन गेलेल्या मोठ्या माणसांसाठी. डिस म्हणजे अवघड, लेक्सिस म्हणजे शब्द. मुलांचा त्यात विचारच नव्हता. मुलांमधली ही अडचण पहिल्यांदा नीट नोंदली गेली १८९६ मध्ये, इंग्लंडमध्ये. प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहिलं. पर्सी हे स्वतःचं नाव तो 'प्रेसी' असं लिहून गेला होता आणि दाखवून देईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या मुलाचं स्वतःच्या नावाशी जमत नाही, त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

आणि तो हातभर शब्द, हिपोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडॅलिओफोबिया, हा आजारच नव्हे. 'सेस्क्विपेडॅलियन' म्हणजे दीड फूट लांब. होरेस या रोमन कवीने लांबलचक शब्दांना असं म्हटलं होतं. पुढे कुणीतरी गंमत म्हणून त्याला पाणघोडा आणि राक्षस जोडले आणि इंग्रजी छत्तीस अक्षरं केली. हा एकच शब्द मुद्दाम तसा ठेवलेला आहे. त्याला भावोजींनी खुशाल हसावं.

आता एक गोष्ट जी यादीत नाही, पण तुमच्या सहा महिन्यांच्या मेहनतीचं उत्तर तिच्यात आहे. मराठी 'तोतरा' आणि हिंदी 'तोतला' हे दिसायला भाऊ, पण अर्थाने वेगळे. हिंदीत तोतला म्हणजे आपला बोबडा: उच्चार साफ नसलेला, 'रोटी'ला 'लोटी' म्हणणारा. आपण ज्याला तोतरा म्हणतो त्याला हिंदीत 'हकलाना' म्हणतात. तुम्ही बघितलेत ते व्हिडिओ बोबडेपणाचे, आणि व्यायाम करवून घेतलेत अडखळणाऱ्या मुलाकडून. त्याच्या जिभेत काही दोष नाही. जीभ वर-खाली करणं, गालात फिरवणं, पेन्सिल दातात धरून वाचणं, यातलं काहीही अडखळण्यावर चालत नाही. आजच बंद करा. आणि धाकटीने 'तोतला' म्हटलं ते 'र' येत नाही म्हणून, पण हिंदीच्या हिशेबाने तिने स्वतःचंच निदान अचूक केलं!

शब्दांचा घोळ इथेच संपत नाही. 'वाचा' म्हणजे वाणी आणि 'वाचा' म्हणजे पुस्तक उघडून वाचा. त्यामुळे 'वाचादोष' ऐकून पुष्कळ पालक वाचनाची तक्रार घेऊन वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जातात, किंवा उलट. तुमच्या घरात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: मुलाचं अडखळणं, मुलीचा 'र', मुलीचं वाचन. तिन्हींचे इलाज वेगळे. घरात शब्द वापरायचे ते याच हिशेबाने. मुलासाठी 'अडखळणं' म्हणा, 'तो अडखळतो'. 'तो तोतरा आहे' असं नको. क्रियापद कमी-जास्त होऊ शकतं, विशेषण माणसाला चिकटून बसतं. मुलीसाठी 'तिचा र अजून बसलेला नाही', आणि वाचनासाठी 'तिला वाचायला वेळ लागतो'. मात्र 'तोतरा' हा शब्द घरात बंदी घालून लपवू नका. जो शब्द घरात उच्चारायला चोरी, तो शाळेच्या पटांगणात दुप्पट लागतो. 'बोबडा' त्या मानाने दयाळू शब्द आहे. ब आणि म ही मुलांना सगळ्यात आधी येणारी अक्षरं, त्यामुळे बोबड्याला निदान 'बोब'पर्यंत तरी सुखाने जाता येतं.

मुलाचं बघू. लहानपणी शंभरातली पाचेक मुलं काही काळ अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सावरतात. मोठेपणी शंभरात एखादं माणूस उरतं, आणि त्यात बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त. हे घराण्यात चालतं. भीती, नक्कल, गुदगुल्या, आईचं ओरडणं यांनी ते होत नाही. बोलण्याची वेळ जुळवणारी मेंदूतली यंत्रणा जन्मापासून थोडी वेगळी असते. नवव्या वर्षी ते टिकून आहे, तेव्हा 'होईल आपोआप बरं' म्हणून थांबायचे दिवस गेले. पण घाबरायचंही कारण नाही.

नावावरच का अडतो? कारण इतर शब्द बदलता येतात. अशी मुलं यात फार तरबेज असतात. 'पाणी' अडलं तर 'तहान लागली' म्हणतील, 'पेडवे' अडले तर 'ते बारीक मासे' म्हणतील. तुमच्या लक्षातही येत नाही की त्याने वाट बदलली. नावाला दुसरी वाट नाही, शिवाय समोरचा उत्तर ताबडतोब मागत असतो. 'स्वतःचं नाव विसरलास काय रे' हा विनोद त्याने आतापर्यंत शंभरदा ऐकला असेल.

हे करून बघा. एक, संध्याकाळी सासूबाईंबरोबर त्याला 'शुभंकरोति' म्हणायला बसवा, एका सुरात. तिथे तो जवळजवळ अडखळणार नाही. बरोबर कोणी म्हणत असेल किंवा शब्द तालात असतील, तर वेळ जुळवायचं काम बाहेरून होतं. गाताना, मांजराशी बोलताना, दशावतारातल्या संकासुराची नक्कल करतानाही तो सुटा बोलेल. याचा अर्थ एरवी तो ढोंग करतो असा नाही. घरातल्या सगळ्यांना हे नीट सांगून ठेवा, कारण 'तेव्हा बरा बोलतोस' हे वाक्य फार लागतं.

दोन, नावातला 'प'. तो अडतो तेव्हा ओठ घट्ट दाबून धरतो आणि मागून हवेचा जोर लावतो. जितका जोर, तितके ओठ घट्ट. होडीच्या दोराची गाठ ओढून सुटत नाही तसंच. आधी त्याला मुद्दाम तसं करायला सांगा: ओठ दाबून, कडक 'प'. मग निम्म्या जोराने. मग ओठ नुसते टेकवून, थोडी हवा आधी सोडून, पुढचा स्वर जरा लांबवून. असं तीन-तीनदा. कडक आणि सैल यातला फरक त्याच्या ओठांना कळला की काम निम्मं झालं. अडकल्यावर मागे जाऊन नाव पहिल्यापासून म्हणायला लावू नका. अडकलेल्या जागीच ओठ सैल करून पुढे सरकायला शिकवायचं. मग पायऱ्या: आरशासमोर, तुमच्यासमोर, आजीसमोर, ओळखीच्या दुकानदारासमोर, फोनवर मामाला. एक पायरी सोपी वाटू लागेपर्यंत पुढची नको. फोनची पायरी शेवटी, कारण फोनवर तोंड दिसत नाही आणि पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करत सुटतो.

हे सगळं वाचा-उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावं हे उत्तम. तोवर तुम्ही मोठ्यांनी स्वतःचं बोलणं सुधारायचं. त्याचं वाक्य संपल्यावर मनात एक-दोन म्हणून मग उत्तर द्या. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. नजर त्याच्या डोळ्यांवर ठेवा, ओठांवर नको. 'सावकाश बोल', 'श्वास घे आणि सांग' हे तर अजिबात नको. चांगल्या हेतूने दिलेला हा सल्ला मुलं पाळतात, मग प्रत्येक शब्दाआधी धापा टाकल्यासारखा श्वास घ्यायची सवय लागते आणि एकाच्या दोन अडचणी होतात. दिवसातून दहा मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, फक्त त्याच्याशी गप्पा. त्या वेळी काहीही दुरुस्त करायचं नाही.

वर्गशिक्षकांना तीन वाक्यांची चिठ्ठी द्या. हजेरीला हात वर केला तरी चालावं. प्रकट वाचन त्याला टाळू नये, पण जोडीने द्यावं. तोंडी परीक्षेत मिनिटं मोजू नयेत. शिक्षक बहुतेकदा आनंदाने ऐकतात. त्यांना काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

वेखंडाचं. सासूबाईंना दुखवू नका, पण रोज चाटवणं थांबवा. वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक असतो, त्याने उलट्या होऊ शकतात आणि तो रोज पोटात जावा असा नाही. जिभेला चव लागण्यापलीकडे अडखळण्यावर त्याचा परिणाम नाही. तोंडात गोटी किंवा खडा ठेवून बोलायला लावायची एक पद्धत आहे, तीही नको. घशात अडकायला एक उचकी पुरते. आजीचा उपयोग 'शुभंकरोति'ला जास्त आहे, हे त्यांना सांगितलंत तर त्यांनाही बरं वाटेल.

मुलीचा 'र'. हा मराठीतल्या उशिरा बसणाऱ्या आवाजांपैकी एक. पाच-सहा वर्षांपर्यंत 'लाम' म्हटलं तर कोणी मनावर घेऊ नये. सात झाली, आता हात घालायला हरकत नाही. आधी कान तपासा. पावसाळ्यातल्या सततच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि महिनोन् महिने ऐकू कमी येतं, कुणाला कळत नाही. मग बघा की तिला 'राग' आणि 'लाग', 'रस' आणि 'लस' यातला फरक ऐकून ओळखता येतो का. तुमचं तोंड वहीने झाकून म्हणा आणि तिला चित्रावर बोट ठेवू द्या. फरक ऐकू येत नसेल तर आधी कानाचा सराव, जिभेचा नंतर.

जिभेसाठी 'र, र, म्हण र' असं करून काही होत नाही. आपला 'र' म्हणजे जिभेच्या टोकाची वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर एक हलकी टिचकी. टिचकी तिला येतेच, फक्त 'ड'मध्ये लपलेली आहे. 'अडा, अडा, अडा' भरभर, आणखी भरभर, जीभ हलकी करत म्हणवून घ्या. वेग वाढला की पाच-सातव्या फेरीला 'अरा' निसटतो. निसटला की थांबा, तोच पकडा, दाखवून द्या. 'त्र', 'द्र' यांवरूनही येतो. मग शब्द, पण आधी मधल्या 'र'चे: सुरमई, तारली, सुपारी, करवंद. ते जमले की शेवटचे: बंदर, खार, बोर. सुरुवातीचा 'र' सगळ्यात शेवटी: रातांबा, रापण, रेती. लोक नेमकं उलटं करतात, 'राम'पासून सुरू करतात, आणि मूल पहिल्याच दिवशी कंटाळतं. रोज पाच मिनिटं, दोन वेळा. एका बैठकीत वीस मिनिटं नको. जीभ बाहेर काढता येते ना, ओठांच्या पुढे? येत असेल तर जिभेखालचा दोर कापायच्या गोष्टीत पडू नका.

जाता जाता: मुलं घरी मालवणी बोलतात आणि शाळेत कुणी ते 'अशुद्ध' म्हणून सुधारत असेल, तर तो वाचादोष नव्हे. 'माका', 'तुका', 'खय' हे बरोबर उच्चारलेले शब्द आहेत. अलिबाग-उरणकडच्या आगरी-कोळी घरातलं मूल 'पानी' म्हणतं, कारण त्याच्या घरात सगळेच 'पानी' म्हणतात. घरातल्या मोठ्यांना जो आवाज येतो आणि फक्त मुलाला येत नाही, तोच दोष.

आता वाचन. इंग्रजीत 'डिस्लेक्सिया'चं स्पेलिंग अवघड म्हणून हसतात. देवनागरीत तो शब्द काय करतो बघा: डि-स्ले-क्सि-या. चार अक्षरं, त्यात दोन जोडाक्षरं, आणि दोनदा पहिली वेलांटी. ही वेलांटी लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर. 'क्सि'मध्ये तर ती दोन व्यंजनांच्याही आधी जाऊन बसते आणि आवाज सगळ्यात शेवटी. डोळा एका क्रमाने जातो, कान दुसऱ्या. रफाराचं उलट: 'सूर्य'मध्ये र उच्चारायचा आधी, पण दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. आणि 'तोतऱ्या'तला 'ऱ्य' हे तर 'र'चं आणखी वेगळं रूप. एका 'र'ची चार रूपं, आणि तुमच्या मुलीचा 'र' आधीच डळमळीत. ज्यांचे उच्चार उशिरा बसतात त्यांच्यात वाचनाची अडचण जास्त आढळते, म्हणून दोन्हींकडे एकदम लक्ष हवं.

मराठी वाचनात ही अडचण लपून राहते. आपण जवळजवळ लिहितो तसंच बोलतो, त्यामुळे मूल अक्षर जोडत जोडत बरोबर शब्दापर्यंत पोचतं. फक्त फार हळू. चुका कमी म्हणून शिक्षक 'आळशी' म्हणतात, आणि इंग्रजी वाढलं की एकदम सगळं कोसळतं. घरी एक साधी परीक्षा घ्या. ओळखीचे दहा शब्द वाचायला द्या आणि मग अर्थ नसलेले दहा: कमट, बिलगू, शोनप, असे. ओळखीचे शब्द मुलं अंदाजाने मारून नेतात. बिनअर्थाच्या शब्दांवर अडली, घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळली, वेलांट्या गळाल्या, तर पुढे जा. अक्षर उलटं काढणं एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका. सातव्या वर्षापर्यंत ते चालतं.

सराव मालवणात राहणाऱ्याला फुकट आहे. भरती ओसरल्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूत हातभर मोठं अक्षर बोटाने काढायचं आणि काढता काढता मोठ्याने म्हणायचं. डोळा, कान आणि हात तिघांना एकदम कामाला लावणं हे या पद्धतीचं मर्म. एका दिवशी दोनच अक्षरं, आणि दिसायला सारखी जोडी एका दिवशी कधीच नाही: आज घ, तर ध पुढच्या आठवड्यात. घरात वेलांट्या लाल पेनाने, बाकी अक्षर काळ्याने. जाड पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून ती पानावर सरकवत वाचायचं. आणि तिच्या वाचनाची वाट न बघता रोज तिला गोष्टी वाचून दाखवत राहा, नाहीतर वाचनामुळे तिचं शब्दभांडारही मागे पडेल.

तपासण्यांचं थोडक्यात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडे दोघांची नावं द्या. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचार आणि श्रवण तपासणीची चौकशी करा. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे. वाचनासाठी 'डाली' नावाची चाचणी मराठीतही आहे, ती मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केली आहे. इंग्रजी चाचणीवरून मराठी माध्यमाच्या मुलीचं निदान करून घेऊ नका. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया याच गटात येतो) दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो, म्हणजे तुमच्या हातात एक वर्ष आहे. ते दाखल्याची वाट बघण्यात न घालवता सरावात घालवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि दाखला असेल तर परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. मुलाच्या बाबतीत एवढी आशा धरू नका. कायद्यातलं 'वाचा व भाषा' दिव्यांगत्व मुख्यतः स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूला इजा होऊन वाचा गेल्यामुळे येणाऱ्या कायमच्या अडचणीसाठी आहे. नुसत्या अडखळण्यावर दाखला मिळणं कठीण. शाळेतल्या सवलती मुख्याध्यापकांशी बोलूनच मिळवाव्या लागतील.

एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. धडधाकट माणूस अचानक अडखळू लागलं, वस्तूंची नावं आठवेनाशी झाली, तोंड वाकडं झालं, तर तो तोतरेपणा नव्हे, पक्षाघात आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मालवणहून निघायला अर्धा तासही दवडू नका.

राहिलं प्रहसन. भावोजींचा हेतू वाईट नाही, पण ही गंमत ज्याच्या तोंडची आहे त्याने केली तरच ती गंमत. घरात तुमच्या मुलाने 'तोतऱ्याला तोतरा म्हणता येत नाही' म्हटलं तेव्हा ती त्याची होती. स्टेजवर दुसऱ्या कुणी तोंड वेडंवाकडं करून 'त-त-त' केलं की ती गावाची होते, आणि दुसऱ्या दिवशी पटांगणात तिचे पन्नास प्रयोग होतात. म्हणून त्याला एकट्याला बसवून विचारा. भावोजी समोर नकोत. 'नको' म्हणाला तर विषय संपला, कारणही विचारू नका.

'हो' म्हणाला तर प्रहसन त्याने लिहायचं. अडखळण्याची नक्कल इतर कोणीही करायची नाही, ही अट. आणि विषय बदलायला हरकत नसेल तर एक माल सुचवतो, ज्यात कुणाचीच जीभ दुखावत नाही. मराठी व्याकरणाची नावं बघा. 'अनुस्वार' या शब्दात अनुस्वार नाही. 'विसर्ग' शब्दात विसर्ग नाही, रफार आहे. आणि 'रफार' शब्दात रफार नाही. 'मात्रा'वर मात्रा नाही. 'ऱ्हस्व' दोनच अक्षरांचा, पण दोन्ही जोडाक्षरं, आणि त्यात ऱ्हस्व वेलांटी किंवा उकार शोधून सापडत नाही. 'काना'ला मात्र दोन काने, तो गावचा श्रीमंत. 'जोडाक्षर' शब्दात जोडाक्षर आहे, पण 'क्ष'ला ते कबूल नाही, कारण वर्णमालेत त्याला स्वतंत्र घर मिळालंय. हे एकेक पात्र करून न्यायालयात उभं करा आणि तुमच्या मुलाला न्यायाधीश. न्यायाधीश सावकाश बोलतो, मध्ये थांबतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्याच्या तीन-चार ओळी सगळ्या पात्रांनी मिळून एका सुरात म्हणायच्या ठेवा, म्हणजे दम खायला जागा मिळेल.

त्याची तयारी असेल तर सुरुवातीला त्याने स्वतःच सांगावं: "मी बोलताना अडखळतो, त्यामुळे आमचा खटला दहाऐवजी बारा मिनिटं चालेल." आधी सांगून टाकलं की लपवायचा ताण जातो, आणि लपवण्याच्या ताणानेच अडखळणं वाढतं. सूत्रसंचालकांना मात्र आधीच बारा मिनिटं लिहून द्या, आणि नाव पुकारताना त्याचं नाव त्यांनीच पुकारावं.